बैल काऊन लंगडते?

२६ जानेवारीच्या आदल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सुतळीला पताका चिकटवत बसलो होतो. मध्ये खळीचं पातेलं, भोवती पहिली ते चौथीची मिळून एकवीस पोरं. सगळ्यांचे हात चालू होते, तेवढ्यात मी सहज विचारलं, "या पताकेचा आकार कोणता गं?" जिला विचारलं ती दुसरीतली पोरगी तक्त्यावरचे सगळे आकार घडाघडा सांगणारी. ती पताकेकडे नुसती बघत राहिली.

"आकार नाही मॅडम. पताका हाये थे."

"अगं, तीन बाजू आहेत, तीन कोपरे आहेत. मग त्रिकोण नाही का?"

"नाही." आवाज अगदी ठाम. "त्रिकोण खाली बसते. हे तं लटकून रायली."

मग तिनं माझ्या हातातली पताका घेतली, टोक वर करून फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "आता झाला त्रिकोण."

मला नोकरीला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. चारही वर्षं मी आकार भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवले. लाल त्रिकोण, निळा चौरस, पिवळं वर्तुळ. आपण पट्टी ठेवायची, वर्गानं एका सुरात नाव घ्यायचं, की पुढचा आकार. तक्त्यावरचा त्रिकोण पाया आडवा टाकून, टोक वर करून बसलेला. पुस्तकातला तसाच आणि फळ्यावर मी काढायची तोही तसाच. पोरीनं जे पाहिलं होतं ते तिनं अगदी बरोबर लक्षात ठेवलं होतं. उलटा, कलता, लांबोडका, काटकुळा त्रिकोण मी तिच्यापुढे कधी आणलाच नव्हता. मग तिनं तो ओळखायचा कुठून?

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या एका गावात. दोन शिक्षक, दोन खोल्या, मागे कडुनिंब. गावाभोवती काळी माती, त्यात कापूस, तूर आणि आता सगळ्यात जास्त सोयाबीन. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, आणि पाऊस नसला की चारही वर्ग व्हरांड्यात. अशा शाळेत एका वर्गाला एक धडा ही चैन परवडत नाही. जे काही करायचं ते सहा वर्षांच्या पोरालाही करता यावं आणि दहा वर्षांच्यालाही त्यात काहीतरी नवं सापडावं, असंच असावं लागतं.

पताकेनंतर मी वाचायला लागले, तेव्हा कळलं की हे फक्त माझ्या वर्गात घडत नाही. हॉलंडमधलं एक जोडपं, पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ. दोघंही शाळेत गणित शिकवणारे. पोरांना भूमिती का कळत नाही, या एकाच प्रश्नावर दोघांनी १९५७ साली उत्रेख्तला प्रबंध लिहिले. दिना त्यानंतर लवकरच वारल्या, पुढचं काम पिएरनी नेलं. त्यांचं म्हणणं असं, की भूमिती कळण्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खाच बघतं, आपण माणसाचा चेहरा ओळखतो तसा. दारासारखा दिसतो म्हणून आयत, चांदासारखा म्हणून गोल. पुढच्या पायरीवर ते बाजू आणि कोपरे बघायला लागतं. त्याच्याही पुढे केव्हातरी त्याला कळतं, की चौरस हासुद्धा आयतच असतो. आणि या पायऱ्या वय वाढलं म्हणून आपोआप चढल्या जात नाहीत. हाताखालून, डोळ्यांखालून काय काय गेलं त्यावर ते असतं. शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल खालच्या पायरीवर उभं असेल, तर दोघं एकच शब्द उच्चारतात आणि तरी एकमेकांना कळत नाहीत. मी म्हणत होते तीन बाजू, तीन कोपरे. ती म्हणत होती बसलेला. दोघींच्याही तोंडी शब्द मात्र त्रिकोण हाच होता.

एवढं वाचूनही, दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकं काय करायचं ते काही सुचत नव्हतं. ते त्या वर्षीच्या पोळ्याला सुचलं, आणि सुचवलं पोरांनीच.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी तोरणाखालून जातात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडाचे बैल निघतात. झूल, घुंगरू, शिंगांना बेगड. दोरीनं बैल ओढत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. बाजारात आता रंगवलेले तयार बैल मिळतात, पण आमच्या गावात अजून काही घरी बैल घरचाच असतो. बाप नाहीतर मोठा भाऊ लाकूड तासून देतो आणि चाकं पोरगा करतो, जुन्या चपलेच्या रबराची. डब्याचं झाकण ठेवून पेननं गोल काढायचा, ब्लेडनं कापायचा, मधून तार घालायची.

तिसरीतल्या एका पोरानं आदल्या आठवड्यात आपला बैल शाळेत दाखवायला आणला. बैल खरंच देखणा होता, वशिंड तर अगदी हुबेहूब. पण दोरी ओढली की तो एक पाऊल चांगला चाले आणि दुसऱ्या पावलाला बसल्यासारखा होई. खाली, वर. खाली, वर. सगळी पोरं ओरडली, "याचा बैल लंगडते!" पोरगं रडवेलं झालं.

उत्तर माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. का कोण जाणे, ते मी गिळलं आणि म्हटलं, "बैल काऊन लंगडते ते पाहू आपण." गणिताचा तास तिथेच, व्हरांड्यात सुरू झाला.

चौथीतला एक जण म्हणाला, "भोक मंधात नाही पाडलं त्यानं." बरोबर. मग मी विचारलं, "मंधात म्हणजे कुठं?" प्रत्येकानं बोट ठेवून दाखवलं आणि प्रत्येकाचं बोट वेगळ्या जागी. अंदाजानं दुसरं भोक पाडलं, तरी बैल लंगडला. तिसरं पाडलं. चाकाची चाळणी व्हायची वेळ आली. कोणीतरी पट्टी आणली, पण पट्टी चाकावर कुठून कुठे ठेवायची यावरच भांडण. अर्धा तास असाच गेला, आणि त्या अर्ध्या तासात मी काही शिकवत नाहीये ही टोचणी मला सतत लागली होती.

शेवटी पताकेवाली पोरगी, आता तिसरीत गेलेली, मागून म्हणाली, "पोळीची घडी घालते ना आई, तशी घालून पाहू." तिनं जुन्या वर्तमानपत्रावर चाक ठेवलं, भोवती पेन फिरवला, कागद कापला. तो गोल कागद तिनं एकदा दुमडला, कडेला कड नीट जुळवून. मग पुन्हा एकदा दुमडला. घडीची पोळी लाटायच्या आधी दिसते तसा चतकोर तिच्या हातात होता. त्या चतकोराच्या टोकावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे पाहा मंधात." कागद उलगडला. दोन घड्या एकमेकींना जिथे कापत होत्या तिथे तिनं बाभळीचा काटा टोचला, कागद पुन्हा चाकावर ठेवला आणि काटा रबरातून आरपार घातला.

त्या बाजूनं बैल सरळ चालला. दुसऱ्या बाजूनं मात्र अजून थोडा लंगडत होता, आणि खरी गंमत तिथे झाली. दुसऱ्या चाकाचं भोकही आता घडी घालून पाडलेलं होतं. "मंधातच हाये, तरी लंगडते!" पोरं चक्रावली. एकानं दोरा घेतला, एक टोक भोकावर धरलं आणि दुसरं कडेपर्यंत ताणून चाकाभोवती फिरवत गेला. एका जागी दोरा कडेच्या बाहेर आला, दुसऱ्या जागी आत राहिला. कापताना ब्लेड घसरलं होतं आणि चाक जरा लांबुळकं झालं होतं. "मंधातून कडेपर्यंत सगळीकून सारखं पाहिजे," तो म्हणाला. वर्तुळाची व्याख्या मी पाचवीत पाठ केली होती. तिसरीतल्या पोरांनी ती चपलेच्या रबरातून काढताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नाव कसं आलं, तेही सांगायलाच हवं. आता सगळ्यांनाच चाकं करायची होती. व्हरांड्याच्या एका टोकाचा पोरगा दुसऱ्या टोकाच्याला ओरडून सांगत होता, "अबे, थ्या घड्या जिथं भेटतात ना, मंधातलं टोक, तिथं काटा घाल!" दोनदा-तीनदा एवढं लांबलचक ओरडून तो दमला आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, याले काही नाव हाये का?"

"आहे. केंद्रबिंदू."

"अबे, केंद्रबिंदूत घाल!" त्यानं लगेच हाक दिली.

तेव्हापासून शब्द सांगायची मी घाई करत नाही. पोरांना शब्दाची गरज पडेपर्यंत थांबते. कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. मागून घेतलेला शब्द त्यांच्याकडून हरवत नाही, हे मी आता अनेकदा पाहिलंय.

अर्थात, हे सगळं गावाला लगेच पटलं असं नाही. पोळ्यानंतर एका पोराचे आजोबा शाळेत आले. चांगलं बोलणारं माणूस, पण नाराज होते. "मॅडम, आमचे पोट्टे चपला कापून रायले, मातीत खेयून रायले. अभ्यास कधी करतात जी?" मी त्यांना बसवलं, नातवाला बोलावलं आणि त्यालाच सांगायला लावलं. त्यानं आजोबांना घडी घालून केंद्रबिंदू काढून दाखवला. आजोबा काही बोलले नाहीत, पण निघताना तो कागद खिशात घालून घेऊन गेले. आमच्या गावाहून नदीपलीकडे वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं, हे तिथे ठरलं आणि झाकीर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. टकळीवर सूत कातताना पोरं तारा मोजत, वजन करत, हिशेब मांडत. म्हणजे आजोबांचा प्रश्न आमच्या भागात निदान तेव्हापासूनचा आहे. तो रास्तही आहे. हातांना काम दिलं म्हणजे डोकं चाललंच असं होत नाही. उपक्रम झाला, फोटो काढला, पाठवला, आणि पोरांना विचारावं तर कोणालाच काही सांगता येत नाही, असं मीही केलंय. आधी ज्या शाळेत होते तिथे गणिताची पेटी कपाटात कुलपात असायची, सामान हरवेल म्हणून. तपासणीच्या दिवशी ती निघायची आणि संध्याकाळी मोजून परत आत जायची. मला विचाराल तर हरवलेला ठोकळा परवडला. कुलपातली पेटी नाही परवडत.

मग दोरी आली. बाजारातून सुती दोरी आणली आणि तिला फुटाफुटावर गाठी मारल्या, बारा घरं होतील अशा. दोन्ही टोकं जोडली की बारा फुटांचा फास. ही दोरी म्हणजे आमची खरी गणित पेटी.

तिची सुरुवात गावातल्या एका घरकुलाच्या पायाभरणीपासून झाली. शाळेला लागूनच घर बांधायला घेतलं होतं आणि गवंडी आखणी करत होते. पोरं कुंपणाला चिकटली होती. गवंड्यांनी एका सुतावर तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्यावर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप तिरका धरला. पाच फूट भरले. "आलं गुण्यात," ते म्हणाले, म्हणजे काटकोनात, आणि खुंटी ठोकली. पोरांनी विचारलं, पाचच काऊन? ते हसले. "पाच नाही आले तं भित वाकडी जाते, एवढं मले मालूम हाये."

दुसऱ्या दिवशी आमच्या दोरीचे तीन कोपरे तीन पोरांनी धरले. एका बाजूला तीन घरं, एका बाजूला चार, उरलेली पाच. ताणली, आणि वहीचा कोपरा त्या कोनात ठेवून पाहिला. तंतोतंत बसला. मग वर्गाचं दार, खिडकी, फळा, बाक, सगळ्यांचे कोपरे तपासून झाले. फळा गुण्यात नव्हता. घरकुलाची मापं मिळाली तशी ती मैदानावर आखली. सरकारी योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. पोरं त्यात आडवी झोपून कोण कुठे मावेल ते बघत बसली.

दोरीनं मोजून यज्ञाच्या वेदी आखायचे नियम ज्यांत आहेत, त्या जुन्या ग्रंथांना शुल्बसूत्रं म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरीच. आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेएवढा असतो, ही गोष्ट बौधायनानं त्यात दोरीच्याच भाषेत सांगितली आहे. हे मी पोरांना सांगितलं नाही, अजून वेळ आहे. पण गवंड्यांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरचं सूत हातात घेऊन एकदा पाहिलं आणि परत खांद्यावर टाकलं.

त्याच दोरीनं एकदा वावर आखलं, म्हणजे त्याचा धुरा, बांध. "ह्या दोरीचा धुरा," मी म्हटलं. "आत किती फरशा बसतात ते सांगा." फूटभर बाजूचे पुठ्ठ्याचे चौरस कापून ठेवले होते. एका गटानं तीन-तीनचा चौरस केला, आत नऊ बसले. दुसऱ्यांनी चार-दोनचा आयत केला, आठ बसले. तिसऱ्या गटानं पाच-एकचा लांबलचक पट्टा केला, आणि आत फक्त पाच. तिसरा गट भांडायला उठला. दोरी तीच, मग आमचं वावर कमी कसं? दोरी परत मोजून झाली, बारा घरं बरोबर होती. ज्या पोराच्या घरी भाऊहिश्श्यात ओढ्याकाठचा लांबोळा पट्टा आला होता, तो सगळ्यात जास्त वेळ त्या पाच चौरसांकडे बघत उभा राहिला. "म्हून आमच्याकडं धुऱ्याचंच निंदण जास्त करा लागते," तो म्हणाला. भूमिती या शब्दातच भू आहे, जमीन आहे, आणि तिची मिती, म्हणजे मोजणी. त्या पोराला हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. थंडीत आम्ही ३३ फूट बाजूचा एक गुंठा फक्कीनं आखला आणि चौथीच्या पोरांनी असे चाळीस कुठवर जातील ते चालून पाहिलं. एकर सगळ्यांच्या बोलण्यात रोज असतो, पण तो केवढा ते पायांना त्या दिवशी कळलं.

चाकाचंही सांगते. मैदानात खुंटी ठोकून तीन फुटांच्या दोरीनं मोठा गोल काढला होता. एका पोरीनं तीच दोरी गोलाच्या रेघेवरून वळवत वळवत मोजली. सहा वेळा बसली आणि वर वीतभर रेघ उरली. दुसऱ्यानं दोरी न वळवता ताणून धरली, रेघेवरच्या एका खुणेपासून सरळ दुसरीपर्यंत, मग तिथून पुढे. सहाव्यांदा तो बरोबर पहिल्या खुणेवर आला. बोटभरही उरलं नाही. त्यांनी दुसरा गोल काढला, लहान, वेगळ्या दोरीनं. पुन्हा सहा. तिसराही काढला. पोरांचा विश्वासच बसेना, म्हणून त्यांना घेऊन मी गावातल्या सुताराकडे गेले. त्याच्या अंगणात जुन्या बंडीचं चाक टेकवलेलं आहे. लोखंडी धाव, आत सहा पुठ्ठे, म्हणजे कडेचे लाकडी तुकडे, आणि बारा आरे. "सहाच काऊन?" पोरांनी विचारलं. त्यानं कंपास उघडला, फळीवर गोल मारला आणि कंपास तेवढाच ठेवून कडेनं टक टक टक सहा खुणा केल्या. "माह्या बापानं असंच दाखवलं," तो म्हणाला. आता बंड्यांना रबरी टायर आलेत, लाकडी चाकाचं काम त्याच्याकडे वर्षानुवर्षं आलेलं नाही. तो दारं-खिडक्या करतो. पण त्या दिवशी तासभर तो पोरांना चाकच समजावत बसला. परत येताना एकीनं मला विचारलं, "त्रिज्या म्हणजे आरा ना मॅडम?" हो, आराच.

लहान पोरांसाठी काळी माती पुरते. पहिला पाऊस झाला की ओल्या मातीत बाटलीचा बूड, काडीपेटी, वीट, डबी, जे हाती लागेल ते दाबायचं आणि ठसा बघायचा. एकाच विटेचे तीन वेगवेगळे आयत निघतात, हे पहिलीच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. करून पाहिलं की वाटतं.

ज्वारीच्या धांड्यांचं, म्हणजे ताटांचं, मात्र अवघड होत चाललंय. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात असताना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडीपेटीच्या काड्या जोडून आकार करायची युक्ती काढली. आमच्याकडे त्यासाठी ज्वारीचा धांडा होता. बाहेरची सालपटं म्हणजे काड्या, आतला पांढरा गर म्हणजे सांधा. आमच्या लहानपणी याच्या बंड्या करायचो, चष्मे करायचो. वर्गात आम्ही चार काड्यांचा चौरस केला, हात लावला की तो कलंडायचा, पतंगासारखा तिरका व्हायचा. तीन काड्यांचा त्रिकोण जागचा हलत नव्हता. पोरांनी तो दाबला, ओढला, काडी मोडली पण कोन बदलला नाही. मग चौरसात एक तिरकी काडी घातली आणि तोही ताठ झाला. एकानं मान वर करून टिनाच्या शेडची लोखंडी कैची दाखवली. "वरतं पाहा, सगळे त्रिकोणच हाये." पण गावात ज्वारी आता चार-दोन घरांचीच. सोयाबीनच्या कुटारात अशी काडी कुठे मिळायची? तुराट्या वापरतो, पण तुराटीला तो मऊ गर नाही. मागच्या वर्षी एका शेतकऱ्याला सांगून शाळेसाठी पाच तासं, म्हणजे पाच ओळी, ज्वारी पेरून घेतली.

आणि आता एका पोराबद्दल.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथून एक पोरगं दुसरीत आमच्याकडे आलं. घरी कोलामी, शाळेत मराठी. वर्षभर ते वर्गात जवळजवळ बोललंच नाही. मी विचारलं की खाली बघायचं. पाढे नाहीत, वाचन नाही, आणि माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे रकाने रिकामे. आता वाटतं, मी त्याला जे जे विचारत होते ते सगळं शब्दांतच विचारत होते.

एका दुपारी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून चटई विणायचं काम दिलं होतं. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, एक वरून, एक खालून. चौरस मोजायचे होते, एवढाच माझा हेतू. बाकीची पोरं गुंतत होती, सोडवत होती. हा कोपऱ्यात पाठमोरा बसला होता. मी जाऊन पाहिलं तर त्याची चटई वेगळीच. त्याच्या पट्ट्या दोन दिशांनी नव्हत्या, तीन दिशांनी होत्या. एक आडवी, एक या बाजूला कललेली, एक त्या बाजूला. मध्ये मध्ये मोकळी भोकं, आणि प्रत्येक भोकाला सहा बाजू. त्याच्या घरी बांबूच्या टोपल्या विणतात. कोंबड्या झाकायचं डालगं असंच विणतात, हे त्यानं हातानंच दाखवलं. बोटांनी टोपली उभी केली, खाली हाताची कोंबडी केली, ती टोच मारते असं केलं.

मी सगळ्यांना बोलावलं. पोरं भोवती बसली आणि त्यानं दुसरी चटई विणायला घेतली. तिसरी पट्टी कोणाच्या वरून आणि कोणाच्या खालून जाते, हे बघताना चौथीच्या पोरांनाही घाम फुटला. मलाही पहिल्या दोन वेळा जमलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं माझं बोट धरून योग्य पट्टीखाली सरकवलं. तो कोणालाच काही सांगत नव्हता. चुकलं की फक्त पट्टी ओढून काढायचा आणि पुन्हा हातात द्यायचा. त्याच्याजवळ बसायला त्या दिवशी भांडणं झाली.

पताकेवाली पोरगी तेव्हा चौथीत होती. ती बराच वेळ त्या चटईवर नाक टेकवून बसली होती. मग एका भोकाभोवती बोट फिरवत मोजायला लागली. "मॅडम, मोठ्या भोकाच्या भोवती लहान लहान त्रिकोण हाये. सहा." थोडी थांबली. "तीन बसून रायले, तीन लटकून रायले."

"लटकलेले त्रिकोण आहेत का पण?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. तिला ती जुनी पताका आठवतही नव्हती. चटई उचलून तिनं अर्धी फिरवली. बसलेले लटकले, लटकलेले बसले. मग ती त्या पोराकडे वळून म्हणाली, "मले पण शिकव ना रे." आणि तो म्हणाला, "ये." त्या वर्षी वर्गात मी ऐकलेला त्याचा तो पहिला मराठी शब्द.

आता उन्हाळ्याची सुट्टी आहे. बाहेर ४५ अंश. आमच्याकडे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. दोरी धुवायला घरी आणली आहे. वर्षभर ताणून ताणून तिची घरं वाढलीत, सगळी सारखी वाढली असती तर चाललं असतं, पण कोपऱ्याजवळची जास्त वाढलीत आणि तीन-चार-पाच आता गुण्यात येत नाही. शेवटच्या आठवड्यात हे पोरांच्याच लक्षात आलं. गाठी सोडून, टेप लावून पुन्हा बांधायच्या आहेत. तो पोरगा यंदा चौथीत जाईल. कागदाच्या पट्ट्या फाटतात म्हणून शाळा उघडली की घरून बांबूच्या बारीक काड्या आणतो, असं त्यानं सुट्टी लागायच्या दिवशी मला सांगितलंय.